१६ वर्षांची डिझेल एसयूव्ही: उभी असताना थरथरते, ८० ला गुणगुणते. आधी काय उघडावं?

वाघबीळ

मंडळी, सल्ला हवाय. गाडी २००९ ची, डिझेल, २.२ लिटर कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल), चार सिलिंडर, मागच्या चाकांवर चालणारी, लॅडर चॅसी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पहिले तीस प्रतिसाद ‘तेव्हाच सांगितलं होतं, दुसरी घ्या’ असे येतील. १ लाख ९० हजारांच्या वर पळालीय. आरटीओची फेरनोंदणी गेल्या वर्षी झाली, कागद साफ आहेत, विकायचा विचार नाही.

तक्रारी दोन. सकाळी पहिल्या स्टार्टला गाडी मिसिंग मारल्यासारखी डुलते. आतला आरसा इतका हलतो की मागचं काही दिसत नाही. इंजिन तापलं की कमी होतं, पण सिग्नलला उभी असली की सीटमध्ये जाणवतंच.

दुसरी हायवेवरची. ७५ ला जमिनीतून गुणगुण सुरू होते, ८०–८५ ला सगळ्यात जास्त, ९५ च्या पुढे जरा शांत. स्टिअरिंग फारसं हलत नाही. पायाखालचा पत्रा आणि गिअरचा दांडा मात्र झिणझिणतो. कागल सोडलं की निपाणीपर्यंत डोकं उठतं.

एका गॅरेजनं हाफ इंजिनचं काम (इंजिन उघडून आतले झिजलेले भाग बदलणं) सांगितलंय. दुसऱ्यानं चारही नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे. तिसरा म्हणाला आधी चार टायर टाका, मग बोलू. तिघांनीही बॉनेट उघडून पाच मिनिटं ऐकलं, गाडी कुणीच चालवून बघितली नाही.

तिखट_मिसळ

विका आणि मोकळे व्हा. या वयात गाडी आणि माणूस, दोघांच्या तपासण्या संपत नाहीत.

पंक्चरवाला_नाशिक

टायरवाल्याला शिव्या बसायच्या आधी मीच बोलतो. चाकाचं कंपन असेल तर पुढची चाकं स्टिअरिंगमध्ये कळतात, मागची सीटखाली. पहिलं काम फुकटातलं: चाकं काढून रिमच्या आतल्या बाजूला बघा. शेतात किंवा कच्च्या रस्त्यानं गाडी गेली की आत चिखल बसतो, वाळतो, आणि तेवढ्या एका ढेकळानं बॅलन्सिंग बोंबलतं. आमच्याकडे पावसाळ्यानंतर येणाऱ्या निम्म्या जीपगाड्यांना वजन लावायच्या आधी पाण्याचा फवाराच लागतो.

दुसरं, टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१७ असेल तर २०१७ सालच्या २३ व्या आठवड्यातला टायर. जुन्या टायरमध्ये आतला पट्टा सुटतो, वरून नक्षी छान दिसते. चाक अधांतरी फिरवून नक्षीजवळ स्क्रू ड्रायव्हर स्थिर धरा. एका जागी टायर वर उचलल्यासारखा दिसला तर तो गेला. मग कितीही वजनं लावा.

जुना फोरमन

एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं, म्हणून थोडं लांबण लावतो.

तुमच्याकडे आजार दोन आहेत, औषध एकच मागताय. उभ्या गाडीचा हादरा इंजिनाच्या आरपीएमबरोबर बदलतो. हायवेवरचा रस्त्याच्या वेगाबरोबर. हे दोन वेगळे केल्याशिवाय पान्याला हात लावू नका.

परीक्षा अशी. रिकामा, सपाट, सरळ रस्ता बघा. गाडी ९० ला न्या, क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, गाडी आपोआप ८० वर उतरू द्या. चावी बंद करायची नाही. इंजिन बंद झालं की पॉवर स्टिअरिंग जातं, ब्रेकचा बूस्टरही थोड्याच वेळात जातो. आता न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलला आहे आणि गाडी ८० ला. गुणगुण तशीच राहिली तर इंजिन, क्लच, फ्लायव्हील सगळे निर्दोष. चोर गिअरबॉक्सच्या मागे आहे: जॉइंट शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत फिरणारा दांडा), त्याचे क्रॉस (टोकांचे वळते सांधे), सेंटर बेअरिंग, डिफ्रन्शियल, ॲक्सल, चाकं.

मग उलट परीक्षा. गाडी उभी, न्यूट्रल, ८० ला पाचव्या गिअरमध्ये जेवढे आरपीएम असतात तेवढी रेस द्या. गुणगुण आली नाही, तर वरचा निकाल पक्का.

बाळू_डिझेल

मिसिंग शोधायला एवढा खटाटोप कशाला. चालू इंजिनवर एकेका नोझलच्या पाईपचं नट ढिलं करायचं. ज्या नोझलला ढिलं करूनही आवाज बदलत नाही तो सिलिंडर काम करत नाही. आमचे वस्ताद असंच शोधायचे.

जुना फोरमन

बाळू, हे खाली कुणी वाचून करू नये म्हणून जरा कडक बोलतो. तुमचे वस्ताद रोटरी किंवा इनलाइन पंपाच्या गाड्यांवर हे करायचे, तिथे ठीक होतं. कॉमन रेलमध्ये पाईपातला दाब आयडललाच २५०–३०० बार असतो, जोरात रेस दिली की १६०० पर्यंत जातो. त्या दाबाची सुईसारखी धार कातडीतून आत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढा ठिपका दिसतो, आत डिझेल पसरतं, बोट कापायची पाळी येते. गळती शोधायलासुद्धा हात फिरवायचा नाही, पुठ्ठा फिरवायचा. आणि असा ठिपका दिसलाच तर दुखत नाही म्हणून घरी बसू नये, तडक हॉस्पिटल गाठावं.

कॉमन रेलला स्कॅनर लावा. आयडलला प्रत्येक सिलिंडरला संगणक किती डिझेल कमी-जास्त करतोय ते आकडे दिसतात. तीन सिलिंडर शून्याच्या आसपास आणि एकाला सतत जास्तीचं द्यावं लागत असेल, तर आळशी तोच.

बाळू_डिझेल

मान्य. आमच्याकडे अजून जुने पिकअपच जास्त येतात.

सई_सिंधुदुर्ग

वाघबीळ दादा, सकाळी स्टार्ट केल्यावर बॉनेटमधून ‘चफ् चफ् चफ्’ असा आवाज येतो का? आणि एसीचा पंखा चालू केला की आत डिझेलच्या धुराचा वास?

आमच्या गाडीला तसंच होतं. नोझल जिथे हेडमध्ये बसतं तिथे खाली तांब्याचं वॉशर असतं. ते बसलं नाही की जळलेला वायू बाजूनं वर येतो आणि नोझलच्या मुळाशी डांबरासारखा काळा थर जमतो. वरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून टॉर्चनं बघितलं तरी दिसतं. थर दिसला तर थांबू नका, तो कडक होत गेला की नोझल हेडमध्ये असं अडकतं की काढताना हेडच काढावं लागतं.

आणि बॉनेट उघडलेलंच आहे तर माउंटिंगही (इंजिन ज्यावर टेकतं ते रबर) बघा. हँडब्रेक, पायाचा ब्रेक दोन्ही दाबून कुणाला तरी पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी थोडा सोडायला सांगा, मग रिव्हर्समध्ये. इंजिन एका बाजूनं उचलल्यासारखं झालं तर तिकडचं माउंटिंग गेलेलं. बघणाऱ्यानं गाडीच्या समोर नाही, बाजूला उभं राहायचं.

मस्कतकर

माउंटिंगला +१. इथल्या उन्हात रबर लवकर मरतं. आतमध्ये तेल भरलेलं असतं, ते गळून गेलं की बाहेरून माउंटिंग धडधाकट दिसतं पण आत पोकळ. खालच्या पत्र्यावर तेलाचा ओघळ शोधा.

तिखट_मिसळ

टाकीत थोडं टू-टी ऑइल टाकून बघितलं का? बीएस-६ चं डिझेल आल्यापासून जुन्या पंपांची वाट लागली म्हणतात.

जुना फोरमन

तेलानं तांब्याचं वॉशर बसत नाही आणि माउंटिंगचं रबर परत फुगत नाही. डिझेलमधलं गंधक कमी झालं की त्याचा गुळगुळीतपणा कमी होतो हे खरं, म्हणून रिफायनरीतच त्यात वंगणाचा गुण आणणारं द्रव्य घालतात. त्याची चाचणी मानकातच आहे. फिल्टरमधलं पाणी वेळेवर सोडत जा, पंपाचे ते जास्त उपकार.

वाघबीळ

दोन्ही परीक्षा केल्या.

न्यूट्रलमध्ये ८० ला गुणगुण जशीच्या तशी. उभी करून १९०० ची रेस दिली (८० ला पाचव्यात तेवढेच आरपीएम असतात), काहीच नाही. म्हणजे हाफ इंजिनवाल्याला नमस्कार.

चाकं काढली. आत चिखल होता, नाही म्हणत नाही. धुतली, बॅलन्सिंग केलं, मागची पुढे घेतली. सीटखाली ६० ला एक बारीक धडधड असायची ती गेली, तिच्याकडे माझं आधी लक्षच नव्हतं. ८० ची गुणगुण मात्र तसूभर हलली नाही.

सईताई, चफ् चफ् आवाज आहे. टॉर्चनं बघितलं, तिसऱ्या नोझलभोवती काळाकुट्ट थर. स्कॅनरवरही तिसराच आळशी.

कंपन_गणित

आता मजा आली. मोबाइलमध्ये कंपन मोजायचं कुठलंही ॲप घ्या, जे वारंवारता हर्ट्झमध्ये दाखवतं. फोन सेकंदाला २०० पेक्षा जास्त नमुने घेतो का ते ॲपच्या सेटिंगमध्ये बघा. १०० च असतील तर ५० हर्ट्झच्या वरचं कंपन खोट्या आकड्यानं खाली उतरून दिसतं आणि आपण भलत्याच पार्टच्या मागे लागतो. फोन गिअरच्या दांड्याजवळ पत्र्याला घट्ट चिकटवा, खिशात ठेवून उपयोग नाही. वेग मीटरवर बघू नका, जीपीएसवर बघा, मीटर थोडा जास्त दाखवतो. शेजारी दुसरा माणूस हवा, चालवणाऱ्यानं फोनकडे बघायचं नाही.

टायरचा साईझ आणि क्राउन-पिनियनचं प्रमाण (शाफ्टच्या किती फेऱ्यांना चाकाची एक फेरी) सांगा.

वाघबीळ

२३५/७० आर १६. मॅन्युअलमध्ये क्राउन ४.१ लिहिलंय.

कंपन_गणित

टायरचा व्यास ७३५ मिमी, परीघ साधारण २.३१ मीटर. ८० किमी म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला ९.६ फेऱ्या मारतं. जॉइंट शाफ्ट त्याच्या ४.१ पट, ३९ फेऱ्या. इंजिन १९०० आरपीएमला सेकंदाला जवळपास ३२ फेऱ्या, आणि चार सिलिंडरचं असल्यानं एका फेरीत दोन स्फोट, म्हणजे ६३.

तर ८० ला ॲपच्या आलेखात शिखर १० हर्ट्झच्या आसपास आलं तर चाक, टायर, रिम. ३९ ला आलं तर शाफ्टचं बॅलन्सिंग गेलंय किंवा तो वाकलाय. ६३ ला आलं तर मी आणि फोरमनकाका दोघं चुकलो. टायर दबतो, झिजतो, त्यामुळे दोन-तीन टक्के इकडेतिकडे धरा.

उभ्या गाडीचंही घ्या. ७५० आरपीएमला चार सिलिंडरची नेहमीची धडधड २५ हर्ट्झला असते. एक सिलिंडर कमी मारत असेल तर त्याची पाळी दोन फेऱ्यांतून एकदा येते, म्हणून ६ च्या आसपास वेगळं शिखर उगवतं. २५ चं शिखर अवाढव्य असेल तर माउंटिंग हादरा अडवत नाहीये.

वाघबीळ

घेतलं. उभी असताना ६ लाही आहे आणि २५ लाही आहे, दोन्ही दणदणीत.

८० ला मात्र तुमच्या यादीत नसलेला आकडा आला. शिखर ७९–८० ला. ३९ ला अगदी किरकोळ उंचवटा. न्यूट्रलमध्येही तेच. ॲप चुकतंय का?

कंपन_गणित

ॲप बरोबर आहे. ३९ च्या दुप्पट ७८–७९. शाफ्टच्या एका फेरीत दोन झटके. बॅलन्सिंग गेलं असतं तर फेरीला एकच बसला असता. काका, पुढचं तुम्ही सांगा, मी फक्त आकड्यातला माणूस.

जुना फोरमन

फेरीला दोन झटके देणारी गाडीखाली एकच गोष्ट, क्रॉस जॉइंट. शाफ्ट कोनात असला की क्रॉसमुळे पुढचा तुकडा एका फेरीत दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस नेमका उलटा वागून ते फिटवतो. पण त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉसला धरणारे दोन कानांचे चिमटे) एका रेषेत हवेत आणि दोन्हीकडचे कोन सारखे हवेत.

मधे सरकता सांधा असतो, दात्यांचा. तिथे शाफ्टचे दोन भाग वेगळे होतात. परत जोडताना एक दाता जरी चुकला तरी रेषा मोडते. सोळा दाते असतील तर एका दात्याला साडेबावीस अंश. गाडी चालते, आवाज येत नाही, कुणाला काही कळत नाही, फक्त एका वेगाला जमीन गुणगुणते.

वाघबीळ, एक सांगा. ही गुणगुण सुरू व्हायच्या आधी गाडीखाली कोण शिरलं होतं, आणि कशासाठी?

वाघबीळ

क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट बदलली होती, बाहेरगावी, ऐनवेळी. तेव्हा गिअरबॉक्स उतरवला होता. गुणगुण त्यानंतरचीच. क्लचचा आणि याचा संबंध असेल असं वाटलं नाही.

जुना फोरमन

गिअरबॉक्स उतरवायला आधी शाफ्ट उतरवावा लागतो. झालं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखाद्या शाफ्टवाल्याकडे जा, टायरवाल्याकडे नको. सांगायच्या गोष्टी: काढायच्या आधी दोन्ही टोकांच्या फ्लँजवर पंच मारून खुणा करायच्या. मग सरकत्या सांध्यावरचा मळ तारेच्या ब्रशनं साफ करायचा, बहुतेक शाफ्टवर मुळातले बाण किंवा ठिपके असतात. बाण समोरासमोर आहेत का बघायचं. बाण सापडले नाहीत तर शाफ्ट सपाट टेबलावर ठेवून दोन्ही योकचे कान एका पातळीत आहेत का बघायचं. हातात क्रॉस फिरवून बघायचा. एका जागी अडकून मग पुढे गेला, तर आत सुयांच्या खाचा पडल्यात, बदलायचा. ग्रीस मारून भागत नाही.

आणि कुणी ‘जॅकवर चढवून चौथ्यात पळवून दाखवतो’ म्हणाला तर करू देऊ नका. ॲक्सल लोंबकळलं की शाफ्टचा कोन बदलतो, नसलेलं कंपन दिसतं. वर गाडी स्टँडवरून घसरली तर काय, ते वेगळंच.

सई_सिंधुदुर्ग

नोझल काढाल तेव्हा: आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा. पुलरनं सरळ वर ओढायला सांगा, पाना अडकवून तिरकं उपटू देऊ नका. खालची बैठक कटरनं साफ झाल्याशिवाय नवीन वॉशर बसवून उपयोग नाही, दोन महिन्यांत परत चफ् चफ्. पकडणारे बोल्ट नवे घ्या आणि टॉर्क पान्यानंच आवळायचे. वॉशर चहा-भजीच्या पैशांत येतात, चारही बदला. नोझल उलटसुलट करू नका, प्रत्येकावर कोड असतो आणि तो त्या सिलिंडरच्या नावानं संगणकात भरलेला असतो.

वाघबीळ

उशीर झाला, पण काम दोन जागी करून घेतलं.

शाफ्ट. मळाखाली बाण निघाले. दोन्ही बाण एका दात्यानं चुकलेले. शाफ्टवाल्यानं बघून नुसतं ‘हं’ केलं आणि मला बोट ठेवून दाखवलं. मागचा क्रॉसही कोरडाठाक, टोपीतल्या सुयांची तपकिरी पूड झालेली. तो बदलला, सेंटर बेअरिंगचं रबर ठीक निघालं, शाफ्ट जोडून बॅलन्सिंग मशीनवर फिरवला.

नोझल. तिसरं निघायला अख्खी सकाळ गेली. खाली वॉशर अर्धवर्तुळात जळून काळं पडलेलं. काढण्याआधीच मिस्त्रीनं चारही नोझलच्या परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडून स्टार्टर मारून बघितला, डिझेल जवळजवळ सारखंच उतरलं. म्हणाला, नोझल चांगले आहेत, रिपेअरला पाठवू नका. चार नोझलचा खर्च तिथे वाचला. इंजिनचं डावीकडचं माउंटिंग मस्कतकर म्हणाले तसंच, वरून धड, खाली तेलाचा ओघळ.

आता आरसा स्थिर आहे. कागल-निपाणी ८५ नं गेलो, बायको म्हणाली रेडिओचा आवाज कमी कर.

कंपन_गणित

फोन चिकटवून परत मोजलंत का?

वाघबीळ

मोजलं. ७९ चं शिखर शोधावं लागतं. उभ्या गाडीचं ६ चं गेलं, २५ चं निम्म्याहून कमी.

एक राहिलंय. रिव्हर्सला क्लच सोडताना पहिल्या क्षणी हलका झटका येतो. क्लच नवीन असून.

जुना फोरमन

फ्लायव्हीलचा पृष्ठभाग न घासता नवीन प्लेट टाकली असेल. लेथवर घासायचं म्हटलं की परत गिअरबॉक्स उतरवणं आलं. त्रास वाढला नाही तर पुढच्या क्लचपर्यंत राहू द्या. तुमचं फ्लायव्हील दोन तुकड्यांचं असेल तर ते घासून चालत नाही, ते आधी विचारून घ्या.

ऑइल मात्र लगेच बदला, किलोमीटर भरायची वाट बघू नका. वॉशर गळत होतं तेवढे दिवस काजळी ऑइलमध्ये उतरली असणार. काही इंजिनांत ती तळाच्या ऑइल चेंबरमधल्या जाळीवर बसते आणि ऑइलचा दाब खाते. जमलं तर चेंबर उतरवून जाळी धुऊन घ्या.

तिखट_मिसळ

बरं, विकू नका.

पंक्चरवाला_नाशिक

टायरचे चार आकडे अजून सांगितले नाहीत.

वाघबीळ

०९१६. सांगायचं टाळत होतो. पुढच्या महिन्यात बदलतोय.

बाळू_डिझेल

काका, आमच्या एका पिकअपला ६० ला असंच होतं, नवीन क्रॉस टाकून पण. लोड भरला की जातं, रिकामी असली की येतं.

जुना फोरमन

रिकाम्या गाडीत मागचं ॲक्सल खाली आणि शाफ्टचा कोन जास्त. पाटे बदललेत किंवा जास्तीचा पाटा घातलाय का? पिनियनचा कोन मोजावा लागेल. वेगळा धागा काढ, टायरचा साईझ आणि क्राउनचं प्रमाण आधीच लिही.